रोमची दुपारही नागपूरसारखीच काढा

*ताई, नमस्कार.*

*आम्ही नागपूरचे. मी 59 वर्षांची, हे 66 चे. ह्यांना बीपीची गोळी चालू आहे, माझे गुडघे अधूनमधून कुरकुरतात. एरवी दोघंही ठणठणीत. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रजा मिळतेय, म्हणून त्याने आमची इटलीची सहल आखली आहे. आम्ही नागपूरहून निघून रोमला उतरायचं, तो तिथे येणार. मग रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून त्याच्या घरी जायचं. त्याने रोजचा तक्ता पाठवलाय: सकाळी साडेनऊला बाहेर, रात्री नऊला परत, आणि मधल्या एका दिवशी रोमहून पॉम्पेईचं प्राचीन शहर. रोमचं हॉटेल जरा लांब आहे, शहरात यायला पाऊण तास लागेल म्हणतो, पण स्वस्त मिळालं आणि रद्दही करता येतं. आतली तिकिटं अजून काढायची आहेत.*

*नुकत्याच जाऊन आलेल्या मैत्रिणीने सांगितलं, रोज 18-20 हजार पावलं होतात. बातम्यांत तिकडच्या उन्हाच्या लाटा दाखवतात. हे म्हणतात, "आपण 45 डिग्रीत राहणारी माणसं, त्यांच्या 36 डिग्रीला काय घाबरायचं?" मला मात्र धाकधूक वाटते. मुलाने एवढा खर्च केलाय, हौसेने सगळं ठरवलंय. त्याला "मी दमले" म्हणायला जीव धजत नाही. काय करावं?*

*– एक वाचक, नागपूर*

नमस्कार ताई,

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. नागपूरकरांना ऊन कळतं, यात शंका नाही. पण ते कळणं नेमकं कशात दिसतं ते बघा. मे महिना आला की कूलरला नवीन खस लागते, खिडक्यांवर जाड पडदे चढतात. भाजी, बँक, दवाखाना ही कामं सकाळी दहाच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. दुपारी सीताबर्डीवर चिटपाखरू दिसत नाही. लोकांना उन्हात थांबायला लागू नये म्हणून बऱ्याच चौकांतले सिग्नलसुद्धा दुपारी बंद ठेवतात. बाहेर पडायची वेळ आलीच तर पोटात पन्हं किंवा ताक आणि डोक्या-तोंडाला घट्ट दुपट्टा. 45 डिग्री तुम्हाला सोसतात, कारण त्या 45 डिग्रीत तुम्ही चालत नाही. मुलाच्या तक्त्यात मात्र सकाळी साडेनऊपासून रात्री नऊपर्यंत चालणंच आहे, तेही तापलेल्या दगडांवरून. असा एक तरी दिवस आपण नागपुरात मे महिन्यात काढलाय का, एवढंच यजमानांना विचारा.

तेव्हा इटलीला जाताना नागपूरचा काटकपणा घरी राहिला तरी चालेल, नागपूरची दुपार मात्र सोबत न्या. ज्या वेळात तुम्ही मे महिन्यात घरात असता, त्या वेळात तिथेही सावलीत, पाय पसरून असायचं. बाकीचा सगळा कार्यक्रम याच्या अलीकडे आणि पलीकडे बसवायचा.

आणखी एक गोष्ट यजमानांच्या हिशेबातून सुटली आहे. तुम्ही निघाल तेव्हा नागपुरात पाऊस सुरू होऊन महिना होत आला असेल. उन्हाची सवय म्हणजे शरीराने केलेली तयारी असते: घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण कमी होतो. ही तयारी व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि ऊन थांबलं की काही आठवड्यांत ती ओसरते. म्हणजे मे महिन्यात कमावलेली सवय जुलैपर्यंत बरीचशी गेलेली असेल, आणि इटलीत ती नव्याने होईपर्यंत तुमची सहल संपलेली असेल. शिवाय साठीच्या पुढेमागे तहान उशिरा लागते. "मला तहान नाही" हे तुमच्या वयात पुरेसं उत्तर नाही.

आता रोमच्या उन्हाचं गणित. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वाच्या सुमारास. खरा तडाखा तीनला सुरू होतो आणि सहापर्यंत टिकतो. आपल्याकडे चारला चहा घेऊन "ऊन उतरलं, चला" म्हणतो. रोममध्ये चारला उकाडा शिगेला असतो. सूर्यास्त होतो पावणेनऊच्या आसपास. रस्त्यांवर काळ्या दगडांचे छोटे छोटे ठोकळे बसवलेले आहेत. ते दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात. जुलै 2023 मध्ये रोममध्ये पारा 40 च्या वर गेला होता. त्याच महिन्यात ग्रीसमधल्या अथेन्सचं प्राचीन अक्रोपोलिस तिथल्या सरकारने भर दुपारी बंद ठेवलं, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यांतही तसं करायची वेळ आली. एवढं मोठं स्थळ जिथे दुपारी बंद करावं लागतं, तिथे दुपारी घरात थांबणाऱ्याला कुणी नाजूक म्हणणार नाही.

मुलाच्या तक्त्यात मला सगळ्यात खटकलं ते साडेनऊ. जुलैत रोमला पावणेसहाच्या सुमारास उजाडतं. साडेनऊला बाहेर पडायचं म्हणजे दिवसातले सगळ्यात गार आणि सगळ्यात रिकामे तास झोपण्यात घालवायचे. तुमच्या बाबतीत तर ते अवघडही जाणार नाही, कारण इटलीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पहिले तीन-चार दिवस पहाटे चार-साडेचारलाच तुमचे डोळे उघडतील. तरुण मुलं याला वैतागतात. तुम्ही त्याचा फायदा घ्या. उलट रात्री साडेआठला तुमच्या शरीराच्या घड्याळात बारा वाजलेले असतील, म्हणून दुपारची झोप झाली नसेल तर रात्रीचं जेवण डुलक्या घेत होईल. उतराल त्या दिवशी काहीही बघायचं ठरवू नका. अंघोळ, हलकं जेवण, संध्याकाळी हॉटेलच्या आसपास फेरी, बस.

दुसऱ्या दिवसाचा नमुना सांगते, म्हणजे मुलाला समजवायला सोपं जाईल. सव्वासहाला बाहेर पडा आणि ट्रेव्हीच्या कारंज्यापाशी जा. दुपारी जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे त्या वेळी पाण्याचा आवाज ऐकू येतो. तिथून स्पॅनिश पायऱ्यांपर्यंत रमतगमत चाला. त्या पायऱ्यांवर बसायला मात्र 2019 पासून मनाई आहे, दंड होतो. तेव्हा "तिथे जाऊन टेकू" असा बेत नको. साडेसातला एखाद्या बारमध्ये नाश्ता. तिथे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात, संकोच करू नका. साडेआठला कोलोसियम उघडतं, तेव्हाची पहिली वेळ धरायची. आत लिफ्ट आहे, गुडघ्यांची तक्रार असेल तर तिची चौकशी करा. जिना उभा आहे. दहा-साडेदहापर्यंत बाहेर पडा. साधं तिकीट 24 तासांचं असतं आणि त्यातच शेजारचा फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते. पण फोरम म्हणजे उघडे अवशेष, सावली जवळजवळ नाही. तो पायी पालथा घालायचा अट्टहास नको. त्यापेक्षा पॅलाटाइनच्या माथ्यावरच्या बागेत झाडाखाली बसून वरूनच फोरम बघा. खरं सांगते, वरून तो जास्त चांगला कळतो.

अकराच्या पुढे कुठे जायचं? चर्चमध्ये. जाड भिंती, उंच छत, दगडी फरशी, बसायला बाकं, आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट. एक लक्षात ठेवा, लहान चर्चेस साधारण साडेबारा ते साडेतीन-चार बंद असतात. मोठ्या बॅसिलिका, म्हणजे प्रमुख चर्चेस, दिवसभर उघड्या राहतात. तेर्मिनी स्टेशनजवळची सांता मारिया माज्जोरे ही त्यातली एक. तिथे पाचव्या शतकातली मोझेइकची चित्रं आहेत. 2025 मध्ये पोप फ्रान्सिस यांचं दफन तिथे झाल्यापासून गर्दी वाढली आहे, पण आत गेल्यावर गारवा मिळतो. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. तुमचा सुती पंजाबी ड्रेस आणि दुपट्टा तिथेही चालतो आणि उन्हातही. नागपूरच्या मुली स्कूटरवर जसा दुपट्टा बांधतात तसा बांधून रोममध्ये फिरा, कोण काय म्हणेल याचा विचार करू नका. यजमानांना रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट. जीन्स दोघांनीही घरी ठेवावी.

साडेबाराला जेवण, दीडपर्यंत खोलीवर. पडदे ओढायचे, एसी 26 वर, अंघोळ आणि झोप. सहाशिवाय उठायची घाई नाही. साडेसहा-सातला पुन्हा बाहेर पडलात तरी उजेडाचे दोन तास हातात असतात. नावोना चौक, नदीपलीकडचा त्रास्तेवेरे भाग, बोर्गेझे बागेतली झाडं, हे सगळं संध्याकाळचंच आहे. तिथली माणसंही तेव्हाच बाहेर पडतात आणि आठनंतर जेवतात.

यासाठी हॉटेल बदलावं लागेल. पाऊण तासावरचं हॉटेल पैशाने स्वस्त पडतं, पण ते तुमची दुपार खाऊन टाकतं. एकदा बाहेर पडलं की परत यायला जीवावर येतं आणि मग माणूस चार तास उन्हात कुठेतरी रेंगाळत बसतो. रद्द करता येतंय ना, मग तेर्मिनीच्या आसपास किंवा मेट्रोच्या स्टेशनला लागून बघायला सांगा. एसी आणि लिफ्ट आहे याची खात्री करून घ्यायची. जुन्या इमारतींत दोन्ही नसू शकतं. चार पैसे जास्त गेले तर पॉम्पेईच्या दिवसाचे वाचतील, कारण मला विचाराल तर त्या दिवसावर सरळ काट मारा. रोमहून जाऊन-येऊन चार-पाच तास प्रवासात जातात, पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं, आणि पॉम्पेई म्हणजे अख्खं उघडं शहर: उंचसखल दगडी रस्ते, सावली नावाला. जागा अप्रतिम आहे, म्हणूनच ती जुलैत अर्धवट बघू नये. ऑक्टोबर ते मार्चमध्ये कधी योग आला तर नेपल्सला मुक्काम करून जा.

व्हॅटिकनसाठी वेगळी सकाळ ठेवा. तिथलं मोठं चर्च, सेंट पीटर्स, सातला उघडतं. तपासणीची रांग मोकळ्या चौकात लागते, दहानंतर तिथे उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे. घुमटावर जायला 551 पायऱ्या आहेत, लिफ्ट घेतली तरी 320 उरतात, आणि शेवटच्या टप्प्यात जिना अरुंद आणि कोंदट. तुमचे गुडघे आणि यजमानांचं बीपी बघता खालूनच मान वर करून बघा. मुलाला जायचं असेल तर त्याला खुशाल पाठवा.

आता पाण्याचं. रोमभर रस्त्याच्या कडेला साधारण 2,500 लोखंडी नळ आहेत, नासोने म्हणतात त्यांना. 1874 पासून बसवत आलेत. पाणी पिण्याचं, फुकट आणि चांगलं गार. तोटी नसते, पाणी सतत वाहत असतं. वाकलेल्या नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बाजूच्या छोट्या भोकातून धार उडते. वाकायला नको, ओंजळ करायला नको, तशीच तोंडात घ्यायची. प्रत्येकाकडे एकेक बाटली ठेवा, काचेची नको, आणि असा नळ दिसला की तहान असो-नसो थांबा. दोन घोट प्या, बाटली भरा, दुपट्ट्याचं टोक भिजवून मानेला लावा. यजमानांचा रुमालही भिजवा. कोरड्या हवेत ओल्या कपड्याने अंग झपाट्याने निवतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण आपल्या बायका ती बोलत नाहीत. बाहेर संडास-बाथरूम मिळेल की नाही या धास्तीने आपण पाणीच पीत नाही. सकाळी निघताना दोन घोट, मग थेट रात्री. परदेशात तर हे हमखास होतं, आणि डोकं दुखणं, चक्कर, लघवीची जळजळ हे सगळं तिथून सुरू होतं. यावर उपाय साधा आहे. दर दीड-दोन तासांनी एखाद्या बारमध्ये शिरायचं, काउंटरवर उभ्याने एक कॉफी नाहीतर पाण्याची बाटली घ्यायची आणि स्वच्छतागृह वापरायचं. बसून घेतली तर दर वाढतो, उभ्याने साधारण दीड युरोच्या आत काम होतं. प्रत्येक संग्रहालयातून निघताना, गरज वाटो न वाटो, जाऊन यायचं. मोठ्या स्टेशनवर एक युरो द्यावा लागतो, म्हणून नाण्यांची सुटी पिशवी तुमच्याजवळ असू द्या, मुलाकडे मागायला लागू नये. मुलाला एकदाच सांगून ठेवा, "आई थांब म्हणाली की कारण विचारायचं नाही." लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरतंय. गडद दिसली तर पुढची जागा सोडून आधी सावलीत बसून पाणी प्या.

नुसतं पाणी लिटरवारी ढोसणंही बरोबर नाही, घामातून मीठही जातं. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या, एका लिटरला एक या मापाने. पण यजमानांना बीपी आहे, तेव्हा त्यांनी किती घ्यावं ते डॉक्टरांनाच विचारा. कैरी नेता येणार नाही, दही-पेढे-तूपही नाही; बहुतेक ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ असे बाहेरून आणायला युरोपीय संघात बंदी आहे. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सैंधव मात्र न्या. तिथल्या कुठल्याही दुकानात साधं, बिनसाखरेचं दही मिळतं. खोलीवर पाणी घालून चमच्याने घुसळलं की ताक तयार. दुपारी झोपण्याआधी पेलाभर प्या. दुपारच्या जेवणात चीज-क्रीमने माखलेला पास्ता टाळा आणि कलिंगडाची फोड दिसली तर सोडू नका. वाइनची हौस असेल तर ती रात्रीच्या जेवणाबरोबर. उन्हात दारूने शरीरातलं पाणी आणखी कमी होतं.

यजमानांच्या गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांकडे जाच. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. उन्हात घाम आणि वरून ही गोळी, म्हणजे शरीरातलं पाणी दोन वाटांनी जातं आणि बीपी एकदम खाली येऊ शकतं. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळेच. अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी चालू असेल तर उन्हात पायांवर सूज जास्त दिसते. डॉक्टरांना थेट विचारा: उन्हाच्या दिवसांत डोस तोच ठेवायचा का, बीपी किती खाली गेलं तर काय करायचं, आणि ओआरएस चालेल का. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. औषधं हातातल्या बॅगेत, सोबत मूळ औषधाच्या नावासकट चिठ्ठी. घरचं छोटं बीपीचं यंत्रही न्या, वजनाला काही नसतं. आणि बूट नवे नकोत. उन्हात पाय सुजतात, तेव्हा वापरून सैलावलेलेच घाला.

ऊन लागायला लागलं हे कसं ओळखायचं? पुरुषमाणूस "मला त्रास होतोय" असं सहसा म्हणत नाही, आधी चिडतो. रस्ता चुकल्यावरून मुलावर डाफरणं, नाहीतर एकदम गप्प होणं, मागे पडणं, ही पहिली खूण समजा. मग डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, भरपूर घाम आणि गार-चिकट त्वचा. इथवर असेल तर सावलीत नाहीतर एसीत न्या, पाय उंच ठेवून आडवं करा, कपडे सैल करा, अंग पुसा, घोट घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात उतार पडायला हवा, आणि पडला तरी त्या दिवसाचं फिरणं संपलं असं समजा. पण बोलणं असंबद्ध झालं, ओळख पटेना, तोल जायला लागला, शुद्ध हरपत चालली, तर तो उष्माघात आहे. घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. लगेच 112 ला फोन करा, हा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात चालतो. मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घाला. मान, काखा, जांघा गार करा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, आणि पॅरासिटामॉल देऊ नका, या तापावर ती चालत नाही. व्हिसासाठी काढलेला विमा किमान 30 हजार युरोचा असतो. त्याचा कागद आणि मदतीचा नंबर तिघांच्याही फोनमध्ये असू द्या, म्हणजे खर्चाच्या धास्तीने कुणी अडून बसणार नाही.

मुलाला आणखी एक काम द्या. इटलीचं आरोग्य मंत्रालय उन्हाळ्यात 27 शहरांसाठी उष्णतेचा इशारा प्रसिद्ध करतं, शून्य ते तीन अशा पातळ्यांत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस तिन्ही त्यात आहेत, आणि पुढच्या दोन दिवसांचा अंदाजही असतो. तीन लिहिलेलं दिसलं की त्या दिवशी फक्त सकाळ.

फ्लॉरेन्स डोंगरांच्या खोलग्यात आहे. वारा कमी, दगड फार, आणि उकाडा रोमपेक्षाही जड वाटतो. तिथल्या मुख्य चर्चच्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तो विषय बंद. उफ्फिझी या चित्रसंग्रहालयाची सकाळची पहिली वेळ घ्या (सोमवारी बंद असतं), आणि संध्याकाळी पिआत्साले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकात बसने जा, चढून नको. व्हेनिसमध्ये पारा कमी दिसेल, 31-32, आणि यजमान खूश होतील. पण ती हवा दमट आहे. आपला कूलर पावसाळ्यात चालत नाही, नुसती चिकचिक होते, तसंच तिथे शरीराचं होतं: घाम येतो पण वाळत नाही. तिथे चालणं आणखी कमी करा. पुलापुलांवर पायऱ्या आहेत, बॅग उचलून चढाव्या लागतात, म्हणून हॉटेल बोटीच्या थांब्याजवळचं हवं. संध्याकाळी एक नंबरच्या बोटीत बसून मोठ्या कालव्याच्या या टोकापासून त्या टोकाला जा. 75 मिनिटांच्या तिकिटात बसल्या जागी निम्मं शहर बघून होतं.

एका शहरातून दुसऱ्यात जाणारी रेल्वे मात्र दुपारची काढायची, दोन ते पाचमधली. रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, तिथून व्हेनिस दोन तासांच्या वर थोडं. गाडी थंड, बसायला निवांत, आणि बाहेर ऊन कितीही असो. सकाळ प्रवासात घालवू नका.

राहिला मुलाला सांगायचा प्रश्न, आणि तुमच्या पत्रात मला तोच सगळ्यात मोठा वाटला. ताई, त्याने हा खर्च तुम्ही सगळं बघावं म्हणून नाही केलेला, तुम्ही खूश व्हावं म्हणून केलाय. दोन गोष्टी त्याच्या मनात एक झाल्या आहेत, एवढंच. वीस हजार पावलं त्याच्या वयाला ठीक आहेत. त्याने तुमचं वय मोजलेलं नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे अजून तीच आई आहे जी दिवसभर राबून रात्री त्याच्या अभ्यासाला बसायची. तुम्ही सांगितलं नाही तर त्याला कळायचा दुसरा मार्ग नाही, आणि रस्त्यात तुम्ही कोसळलात तर तो स्वतःला कधीच माफ करणार नाही. तिथे गेल्यावर दमून सांगण्यापेक्षा इथून सांगितलेलं त्याला सोपं जाईल. "दमायला होईल" असं मोघम नको, ठरलेलं काहीतरी द्या. हवं तर हेच पाठवा:

"बाळा, तक्ता छान केलास. बाबा आणि मी बसून त्यात बदल केलेत. आम्ही पहाटेच उठतो, तर रोज सहा-सव्वासहाला निघू. दीड ते सहा आम्ही खोलीवर असू, तुला हवं तर त्या वेळात तू एकटा फिरून ये. पॉम्पेई नको, त्या पैशात जवळचं हॉटेल बघ. आम्हा दोघांना प्रत्येक शहरात एकेकच गोष्ट नक्की बघायची आहे, ती कुठली ते उद्या सांगते. बाकी राहिलं तर राहिलं. आम्हाला तुझ्यासोबत संध्याकाळी निवांत बसायला जास्त आवडेल."

ती एकेक गोष्ट दोघांनी आजच ठरवा, आणि यजमानांची निवड त्यांनाच करू द्या. आपल्या पसंतीचं ठिकाण तक्त्यात आहे म्हटल्यावर दुपारी झोपायलाही ते कबूल होतील. मुलाला फोन याच आठवड्यात करा. कोलोसियमची तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि सकाळची पहिली वेळ भराभर जाते. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारात पासपोर्टशी ताडून बघतात, तेव्हा दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटोही त्याच वेळी पाठवून द्या.